"साफ करून लाव" म्हटलं, म्हणजे शिकवून झालं का?

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी सहा वर्षं सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणारी मशीन, चालवली. एका शनिवारी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "सोमवारपासून लाइन तू बघायची." पगार थोडा वाढला, निळ्या शर्टाच्या जागी पांढरा आला, घरी पेढे वाटले. सोमवारी सातच्या पाळीला गेलो, तर ज्यांनी मला चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब (कातायचा तुकडा) धरायला शिकवलं होतं ते मामा "या साहेब" म्हणाले. शनिवारपर्यंत ते मला "अरे पोरा" म्हणत होते.

त्या पांढऱ्या शर्टात नेमकं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. सांगली, मिरज, कुपवाड, सातारा, शिरवळ, कुठल्याही एमआयडीसीत हेच चालतं. चांगला ऑपरेटर उचलायचा आणि त्याला सुपरवायझर करायचं. त्याचा हात बसलेला असतो लेथवर. आता त्याच्यासमोर बारा माणसं असतात. पूर्वीचं काम त्याला झोपेतही येतं आणि नवं काम त्यानं कधी केलेलंच नसतं. आपण मात्र म्हणतो, "हुशार आहे, जमवेल."

मला पहिल्याच महिन्यात जमलं नाही. पंपाच्या कव्हरचं कास्टिंग होतं. मागचा फेस, म्हणजे सपाट बाजू, चकातल्या तीन पॅडवर (टेकूंवर) टेकवायचा, पुढून बोअर (मधलं गोल भोक) आणि फेस काढायचा. जतकडचा एक नवा मुलगा मशीनवर दिला होता. मी त्याला म्हणालो, "साफ करून लाव. एक चिप जरी राहिली तरी जॉब जाईल." चिप म्हणजे कातताना निघणारा धातूचा कीस. त्यानं मान हलवली. दुपारी असेंब्लीतून निरोप आला, कव्हर बसत नाहीत. अडतीस जॉब बाद. बोअर गेजनं मोजलं तर माप बरोबर येत होतं, त्यामुळे मशीनवर कुणाला शंकाच आली नव्हती. एका पॅडवर बारीक चिप चिकटून बसली होती. सगळे जॉब केसभर तिरके बसले, व्यास बरोबर आला आणि मागचा फेस पुढच्या फेसला समांतर राहिला नाही.

मी सगळ्यांसमोर त्या मुलावर ओरडलो. तो खाली बघत एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलंय की. प्रत्येक जॉब पुसून लावलाय." सुट्टी झाल्यावर मामा हळूच जवळ आले. "पोरानं फडक्यानं जॉब पुसला. तुम्ही 'साफ कर' म्हणालात. चकातलं पॅड साफ करायचं असतंय, हे त्याला दावलं कुणी?"

कुणीच दाखवलं नव्हतं. माझ्या डोक्यात "साफ करणं" म्हणजे पॅडवर एअर मारणं, बोट फिरवून बघणं आणि मग जॉब लावणं. त्याच्या डोक्यात साफ करणं म्हणजे पुसणं. सहा वर्षांत हाताला इतकी सवय झाली होती की मधल्या दोन गोष्टी मी करतो, हे माझं मलाच दिसेनासं झालं होतं.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. माणसं सांभाळणं हे लेथ चालवण्यासारखंच कसब आहे. त्याच्या पायऱ्या आहेत आणि त्या शिकता येतात. आपल्याकडे "ते अंगातच असावं लागतं" असं म्हणण्याची फार सवय आहे. त्यामुळे ज्याला जमत नाही तो स्वतःला नालायक समजतो आणि ज्याला जमतं तो ते दुसऱ्याला शिकवत नाही.

या पायऱ्या कुणीतरी आधीच नीट मांडून ठेवल्या आहेत. १९४० साली दुसरं महायुद्ध युरोपात पेटलं होतं आणि अमेरिकेतल्या कारखान्यांना एकाएकी प्रचंड माल काढायचा होता. कसबी माणसं कमी होती. पहिली मोठी टंचाई जाणवली ती दुर्बिणी आणि बंदुकांच्या नेमसाधनांसाठी भिंगं घासणाऱ्या कारागिरांची. पुढे तर कारखान्याचं तोंड न पाहिलेले लोक, त्यात हजारो बायका, मशीनवर उभ्या राहणार होत्या. म्हणून सरकारनं एक कार्यक्रम सुरू केला, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री. त्याचं लघुरूप टीडब्ल्यूआय. त्यांनी कामगारांना शिकवण्याआधी कामगारांना शिकवणाऱ्याला, म्हणजे सुपरवायझरला शिकवायचं ठरवलं. १९४५ मध्ये तो बंद झाला तोवर १६ हजारांहून जास्त कारखान्यांतले १६ लाखांहून जास्त लोक त्यातून गेले होते. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला. टोयोटानं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो घेतला आणि त्याची मुळं तिथं खोलवर रुजली. आज आपल्या शॉपमध्ये ज्या कायझेनच्या, म्हणजे सतत थोडी थोडी सुधारणा करण्याच्या, पाट्या लागलेल्या असतात, त्यामागेही ही शिकवण आहे.

टीडब्ल्यूआयचं म्हणणं असं की सुपरवायझरला पाच गोष्टी लागतात. कामाची माहिती आणि आपल्या जबाबदारीची माहिती, या दोन प्रत्येक कारखान्यात वेगळ्या असतात, त्या कारखान्यानंच द्यायच्या. उरलेली तीन कसबं सगळीकडे सारखी: शिकवण्याचं, काम सुधारण्याचं आणि माणसांशी वागण्याचं. आपण बढती देताना फक्त पहिली गोष्ट बघतो. काम येतं का? येतं. झालं.

शिकवण्याच्या वर्गात ते एक गाठ मारायला लावायचे. बल्बच्या होल्डरच्या टोपणातून वायर ओवली की आत दोन तारांची एक गाठ मारतात. वायरीला ओढ बसली तरी स्क्रूवर ताण येऊ नये म्हणून ती असते. आपल्याकडचे जुने वायरमन अजूनही ती मारतात. शिकवणारा आधी फक्त तोंडानं सांगायचा: ही तार इकडून घे, वळवून मागून काढ, दुसरी त्याच्यावरून घे. कुणालाच जमायचं नाही. मग तो न बोलता फक्त करून दाखवायचा. तरी बहुतेकांना जमायचं नाही, कारण समोर बसून बघितलं की डावं उजवं होतं आणि हात भराभर चालले की कुठं काय झालं कळत नाही. तिसऱ्या वेळी तो नीट शिकवायचा आणि सगळ्यांना जमायचं. मी हे आमच्या कँटीनमध्ये दोन हात वायर आणि एक जुना होल्डर घेऊन बऱ्याच वेळा केलंय. पंचवीस वर्षं नोकरी झालेले लोकसुद्धा पहिल्या दोन फेऱ्यांत अडकतात, आणि तेव्हाच त्यांना पटतं की नुसतं सांगणं म्हणजे शिकवणं होत नाही आणि नुसतं दाखवणंही होत नाही.

नीट शिकवायचं म्हणजे काय, ते त्या पंपाच्या कव्हरवर बघू.

सगळ्यात आधी घरचा अभ्यास. शिकवायला जाण्यापूर्वी काम फोडायचं. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात कामाचे मोठे टप्पे: पॅड साफ करणं, जॉब बसवणं, आवळणं, सायकल चालू करणं, मोजणं. दुसऱ्या रकान्यात त्या टप्प्यातली मेख, म्हणजे जिच्यावर काम साधतं किंवा बिघडतं, हाताला लागू शकतं, किंवा काम सोपं होतं ती गोष्ट. पॅड साफ करण्यातली मेख अशी: एअर मारायची, मग तिन्ही पॅडवर बोट फिरवायचं. बोट फिरवताना स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) थांबलेलंच पाहिजे, हीसुद्धा मेखच. तिसऱ्या रकान्यात कारण: चिप राहिली तर जॉब तिरका बसतो, माप बरोबर येतं आणि चूक इथं दिसत नाही, असेंब्लीत दिसते. हा तिसरा रकाना कधीही गाळू नका. कारण माहीत असेल तर माणूस रात्रपाळीला, कुणी बघत नसतानाही बोट फिरवतो. माहीत नसेल तर ते एक फालतू काम वाटतं आणि चौथ्या दिवशी सुटतं. रकाने भरताना मशीनपाशी उभं राहून स्वतः काम करत भरा. टेबलावर बसून लिहिलं की हमखास "साफ करणे" एवढंच लिहिलं जातं.

मग शिकवणं, ते चार पायऱ्यांत. पहिली पायरी म्हणजे समोरच्याला मोकळं करणं. नवा मुलगा घाबरलेला असतो, कानात काही शिरत नाही. कुठल्या गावचा, आधी कुठं होता, आयटीआयला लेथ होतं का, हे विचारायचं. त्यातूनच त्याला काय येतं हे कळतं आणि येणारं परत शिकवायला लागत नाही. त्याला आपल्या शेजारी उभं करायचं, समोर नाही. गाठीचा धडा हाच.

दुसऱ्या पायरीत आपण काम करून दाखवायचं, तीनदा. एकदा टप्पे सांगत, दुसऱ्यांदा टप्प्यांबरोबर मेखा सांगत, तिसऱ्यांदा कारणंही सांगत. एका वेळी झेपेल एवढंच. तिसरी पायरी लोक नेहमी चुकवतात. त्यात त्याला काम करू द्यायचं, चुकलं तर तिथल्या तिथं थांबवायचं आणि मग काम करता करता मेख आणि कारण त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. "समजलं का?" असं कधीच विचारू नका. आपल्या भागात साहेबांनी "समजलं का?" विचारलं की "व्हय" हेच उत्तर येतं, समजलेलं असो वा नसो, कारण "न्हाय" म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. त्याऐवजी म्हणा, "आता तू मला शिकव." त्यानं "एअर मारायची" म्हटलं आणि बोटाचं काहीच बोलला नाही, तर आपलं शिकवणं कुठं कमी पडलं ते तिथंच दिसतं. चौथी पायरी म्हणजे त्याला एकट्याला सोडणं, पण नीट. अडलं तर कुणाला विचारायचं त्या माणसाचं नाव सांगायचं, "कुणालाही विचार" नाही. सुरुवातीला तासातासाला चक्कर, मग दिवसातून दोनदा, मग हळूहळू कमी.

टीडब्ल्यूआयच्या खिशात मावणाऱ्या कार्डावर या पायऱ्यांखाली एक वाक्य छापलेलं असे. कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. हे वाक्य मी अडतीस जॉब बाद झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचलं. मामा तेच सांगत होते.

आता माणसांशी वागण्याचं कसब. नवा सुपरवायझर इथं जास्त चाचपडतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर एकच नमुना असतो, उसाच्या फडातल्या मुकादमाचा. आवाज चढवायचा, माणसं हाकायची. पण त्या फडातलासुद्धा चांगला मुकादम कोणत्या कोयत्याचं, म्हणजे ऊसतोड जोडप्याचं, पोर आजारी आहे, कुणाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती फिटली, हे सगळं ध्यानात ठेवून असतो. माणसं त्याच्यामागं दरवर्षी येतात ती त्यामुळे.

टीडब्ल्यूआयनं यासाठी चार सवयी सांगितल्या. पहिली: माणसाला त्याचं काम कसं चाललंय ते वेळोवेळी सांगा. वर्षातून एकदा पगारवाढीच्या वेळी सांगून उपयोग नाही. सुपरवायझर काहीच बोलत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं कामगार कधीच समजत नाही. तो समजतो, आपल्याकडं कुणाचं लक्ष नाही. दुसरी: चांगलं केलं तर लगेच आणि नेमकं सांगा. "शाब्बास" हवेत विरतं. "काल टूल तुटायच्या आधी आवाजावरून ओळखून मशीन थांबवलीस, त्यामुळे जॉब वाचला," हे त्याला वर्षभर आठवतं. तिसरी: ज्या बदलाचा त्याच्यावर परिणाम होणार आहे तो आधी सांगा, कारणासकट, आणि पटवून घ्या. आमच्याकडं पाळी बदलल्याची चिठ्ठी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लागायची. एकानं द्राक्षबागेच्या फवारणीसाठी ट्रॅक्टर ठरवलेला असायचा, दुसऱ्याकडं पाहुणे यायचे. भांडण पाळीवरून नसायचंच, आपल्याला कुणी विचारत नाही यावरून असायचं. चार दिवस आधी चिठ्ठी लावायला लागलो आणि निम्मी भांडणं संपली. चौथी: प्रत्येकाच्या अंगचा गुण शोधा आणि वापरा. मशीनवर बेताचाच असलेला आमचा एक जण सगळ्या खात्याच्या भिशीचा हिशेब पैचीही चूक न करता ठेवायचा. त्याच्याकडं टूल स्टोअरची नोंद दिली आणि इन्सर्ट, म्हणजे टूलची बदलायची पाती, हरवणं थांबलं.

अडचण आली की मात्र सवयी पुरत नाहीत, तिथं क्रम लागतो. आधी हकीकत गोळा करायची, मग तोलून ठरवायचं, मग करायचं, मग परिणाम झाला का ते बघायचं. यात पहिल्या टप्प्याला जेवढा वेळ द्याल तेवढा कमीच.

कवठेमहांकाळकडचा एक ऑपरेटर सलग तीन दिवस उशिरा आला. डोळे लाल, मशीनवर डुलक्या. खात्यात कुजबुज सुरू झाली की पिऊन येतो. माझ्या हातात मेमोचा कागद तयार होता. तो द्यायच्या आधी मी त्याच्याच गावच्या एकाला विचारलं आणि मग त्याला बाजूला घेऊन विचारलं. म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन सुटलं होतं, शेतीपंपाला लाईट रात्रीची होती, वडिलांचं ऑपरेशन झालेलं. रात्रभर पाणी पाजून तो सातच्या पाळीला येत होता. हे त्यानं आपणहून सांगितलं नाही, कारण नोकरीच्या ठिकाणी शेतीचं रडगाणं गायचं नाही, असं त्याला वाटत होतं. मी दोन पर्याय तोलले. मेमो दिला असता तर चांगला माणूस दुखावला असता आणि उशीर तसाच राहिला असता. दुसऱ्या पाळीतल्या एकाशी बोललो, आवर्तन संपेपर्यंत त्यांची अदलाबदल केली. झोपेत मशीन चालवणारा माणूस हात गमावू शकतो, तेव्हा एवढं करणं माझं कामच होतं आणि माझ्या अधिकारातलं होतं. ते मॅनेजरकडं ढकलायची गरज नव्हती. आवर्तन संपल्यावर तो वेळेवर येतोय ना, हे आठवडाभर बघितलं, कारण ते बघितल्याशिवाय प्रश्न सुटला असं म्हणता येत नाही.

आपल्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाला चूक कशी सांगायची, हे मला नवे सुपरवायझर हमखास विचारतात. मामांच्या मशीनवर तासातासाच्या मापाची नोंद कोरी राहायला लागली. चारचौघांत बोललो असतो तर त्यांचा मान गेला असता, न बोललो असतो तर सगळ्या खात्याचे तक्ते कोरे राहिले असते. चहाला बाहेर घेऊन गेलो आणि सरळ म्हणालो, "मामा, तुमचा तक्ता दोन दिवस कोरा आहे. काय अडचण हाय का?" ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्या बारीक चौकटी दिसत न्हाईत आता." आम्ही तक्ता मोठ्या कागदावर छापून घेतला आणि त्याचा फायदा सगळ्यांनाच झाला. मोठ्यांशी बोलताना "तुम्ही" आणि "मामा" सोडायचं नाही, आणि मुद्दाही सोडायचा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसतात, सरावानं.

काम सुधारण्याच्या कसबाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ते पहिली दोन बसल्यावरच घ्यावं. कामाचा प्रत्येक तपशील लिहायचा आणि विचारायचं: हे करायचंच कशाला, कुठं करावं, केव्हा, कुणी, कसं. मग गाळता येईल ते गाळायचं, एकत्र होईल ते एकत्र करायचं, क्रम बदलायचा, उरलेलं सोपं करायचं. हे मशीनवरच्या माणसाला बरोबर घेऊन करा, नाहीतर तुमची सुधारणा तुमची पाठ वळताच बंद पडते.

एका खोडीविषयी मात्र कळकळीनं सांगायचंय. मशीन अडली की नवा सुपरवायझर ऑपरेटरला बाजूला करतो आणि स्वतः हात घालतो. मीही वर्षभर तेच केलं. दहा मिनिटांत मशीन चालू होते, बरं वाटतं, कारण ते आपल्याला येत असतं. पण तेवढ्या वेळात उरलेल्या लाइनकडं कुणी बघत नसतं आणि तोच ऑपरेटर उद्या त्याच ठिकाणी परत अडतो. हात खिशात ठेवा आणि विचारा, "तुला काय वाटतं, कशानं झालं असेल?" वीस मिनिटं लागतील. अपघाताचा धोका असेल तेव्हा मात्र विचारत बसू नका, आधी मशीन बंद करा.

आपल्या मातीत हे नवं नाही. १९१० साली औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला तेव्हा आसपासच्या गावांत नांगर धरणारे हात होते, लेथ धरणारे नव्हते. तिथं लोखंडी नांगर घडले, कारण कुणीतरी शेजारी उभं राहून त्या हातांना शिकवलं.

उद्यापासून सुरुवात करायची असेल तर एक तक्ता करा. उभ्या रकान्यात कामं, आडव्या ओळीत माणसांची नावं. ज्याला जे काम येतं तिथं खूण, ज्याला शिकवायचं आहे तिथं तारीख. आज प्रत्येक शॉपमध्ये स्किल मॅट्रिक्स नावानं तो लावलेला असतो, पण ग्राहकाच्या ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेला. त्यात तारखा नसतात, आणि तारखेशिवाय त्याचा काही उपयोग नाही. खरा भरला तर पहिल्याच नजरेत दिसतं की एखादं काम फक्त एकालाच येतं आणि त्याच्या बहिणीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. शिकवायला सुरुवात तिथून करा.

आणि मालकांना एक विनंती. टीडब्ल्यूआयचा शिकवण्याचा एक वर्ग दहा तासांचा असे, रोज दोन तास, पाच दिवस, दहाएक माणसांचा गट. ज्याला सोमवारपासून पांढरा शर्ट देणार आहात, त्याला एवढे दहा तास द्या. ते दोन तास त्याच्या मशीनवर कोण उभं राहणार, हे शनिवारीच ठरवून ठेवा.